‘नॉर्मलच का हवंय?’ असं आधी विचारणारा वर्ग

पुण्यातल्या या प्रसूतिपूर्व वर्गाला मी लेकीची सोबतीण म्हणून गेले. सहा रविवार, दर रविवारी अडीच तास, फी दोघांची मिळून ६,५०० रुपये. दोघं म्हणजे गरोदर मुलगी आणि तिच्याबरोबर प्रसूतिकक्षात थांबणारं माणूस. ते माणूस नवराच असलं पाहिजे असं नाही. आमचे जावई जहाजावर नोकरीला, तारखेला ते घरी पोचतील याची खात्री नव्हती, म्हणून मी सांगलीहून आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण लेकीची नोकरी, तिच्या डॉक्टर, तपासण्या सगळं पुण्यात. तेव्हा या वेळी माहेरच तिच्याकडे राहायला गेलं.

मी २८ वर्षं तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. समोर कुणी शिकवायला उभं राहिलं की ते कसं शिकवतात याकडेच माझं लक्ष जातं. त्यामुळे हे लिहिते आहे ते आई म्हणूनही आणि शिक्षिका म्हणूनही. वर्ग चांगला आहे, काही बाबतींत फार चांगला. काही गोष्टी मात्र त्यांनी बदलल्याच पाहिजेत, त्याही सांगते.

शिकवणाऱ्या मॅडम प्रशिक्षित परिचारिका आहेत, प्रसूतिकक्षात बरीच वर्षं काम केलेल्या. पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, चटया पसरून श्वासाचे व्यायाम सुरू होतील. त्यांनी प्रत्येक मुलीला एकेक कोरा कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं, ‘नॉर्मलच का हवंय?’ नाव घालायचं नाही. सोबत आलेल्या आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि दार लावून घेतलं. आई किंवा सासू खेटून बसलेली असेल तर खरं कारण कागदावर उतरत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

परत आत बोलावल्यावर मुलींच्या संमतीने कागद वाचून दाखवले. मला त्यातलं बरंचसं अजून लक्षात आहे. एकीने लिहिलं होतं, ‘बहिणीचं सिझर झालं. गरज असेलही, पण तिला कुणी काही विचारलं नाही, समजावलं नाही. मला विचारलं जावं.’ दुसरीला मणक्यात सुई खुपसतात ही कल्पनाच सहन होत नव्हती. तिसरी म्हणाली, घरी आम्ही दोघंच, पोटावर टाके घेऊन बाळाचं करायचं कसं? एकीच्या आईची चारही बाळंतपणं नॉर्मल, ‘तिला जमलं ते मला जमतं का हे बघायचंय.’ एकीने सरळ पैशाचं लिहिलं होतं, सिझरचं बिल परवडणार नाही. एकीचं पहिलं सिझर झालेलं होतं आणि त्या दिवसाचं तिला काहीच नीट आठवत नव्हतं, ‘दुसऱ्या वेळी मी तिथे हजर असायला हवी आहे,’ असं तिचं वाक्य होतं. आणि एक कागद असा होता: ‘सासूबाई म्हणतात, सिझर झालेलीला कळा काय ते माहीत नसतं, ती अर्धीच आई. मला ते जन्मभर ऐकून घ्यायचं नाही.’

मग मॅडमनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘कशाकडे’, दुसऱ्या बाजूला ‘कशापासून’. प्रत्येक कारण कुठल्या बाजूला जातं ते मुलींनीच सांगायचं. आपल्या शरीराचा अनुभव घ्यावासा वाटणं, आईशी नातं जोडावंसं वाटणं, निर्णयात आपला शब्द असावा असं वाटणं, ही डावीकडे गेली. सुईची भीती, बिलाची भीती, डॉक्टरांवरचा अविश्वास, सासूचे टोमणे उजवीकडे. काही कागदांवरून वाद झाला. एकट्या घराचं कारण कुठे घालायचं? ते भीतीचं की व्यवहाराचं? ते रेघेवरच राहिलं.

मी इतकी वर्षं शिकवलं, पण पहिल्याच तासाला विद्यार्थ्याचा हेतू असा उलगडून दाखवणारा पाठ मी क्वचित पाहिला आहे. आणि पुढचे पाच रविवार याच फळ्यावर उभे होते. उजवीकडची कारणं वाईट आहेत असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, त्यांना उपाय वेगळा लागतो. सुईची भीती असेल तर सुई कशी, केवढी, कुठे देतात ते बघा. डॉक्टरवर विश्वास नसेल तर प्रश्नांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तरीही विश्वास बसला नाही तर वेळेत डॉक्टर बदला. टोमण्यांची भीती असेल तर टोमणे मारणाऱ्या माणसाला पुढच्या रविवारी वर्गाला घेऊन या. हे शेवटचं त्या खरंच करतात. तिसऱ्या रविवारी दोन सासूबाई आल्या होत्या, त्यातल्या एकींनी स्वतःच्या बाळंतपणाबद्दल पहिल्यांदाच कुणासमोर तोंड उघडलं असावं असं मला वाटलं. त्यांना तीन दिवस कळा आल्या होत्या आणि त्या तीन दिवसांत त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. सुनेला जे त्या ऐकवत होत्या ते कुठून आलं हे तेव्हा मला कळलं.

अविश्वासाचा मुद्दा मॅडमनी आकड्यांनी हाताळला, ते मला आवडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के आहे, महाराष्ट्रात २५.४, तेलंगणात तर ६०.७. देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. म्हणजे मुलींच्या मनातली शंका हवेतून आलेली नाही. पण त्याच दमात त्यांनी हेही सांगितलं की तुमच्या पोटातलं बाळ म्हणजे टक्केवारी नव्हे. वार खाली असेल आणि तिने पिशवीचं तोंड झाकलं असेल, बाळ आडवं असेल, कळांमध्ये बाळाचे ठोके पडून वर येत नसतील, तर सिझर हाच जीव वाचवणारा मार्ग. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी छापून दिले: तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये सिझर किती होतात, सोबतीण आत येऊ शकते का, कळांमध्ये चालता-फिरता येतं का, पाणी प्यायला देता का, बाळाला वाट व्हावी म्हणून देतात तो खालचा छेद सरसकट घेता की गरजेपुरता. माझ्या लेकीने ती यादी तिच्या डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आणि त्या दिवसापासून लेकीची झोप सुधारली, हे मी शेजारच्या खोलीत राहून पाहिलं आहे.

पहिलं सिझर झालेल्या मुलीलाही त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. अशा बायकांपैकी प्रयत्न करणाऱ्या साधारण चारपैकी तिघींना नॉर्मल होतं, पण जुना टाका उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एकीला असतो. म्हणून चोवीस तास शस्त्रक्रियेची सोय तयार असलेल्या रुग्णालयातच हे करायचं, घरी किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये नाही.

दुसऱ्या रविवारचा फुगा आणि चेंडू. हा प्रयोग मी शाळेत का केला नाही याची मला हळहळ वाटते. फुग्यात पिंगपाँगचा चेंडू घालायचा, फुगा फुगवायचा, चेंडू फुग्याच्या मानेशी अडकतो. आता फुगा दोन्ही बाजूंनी दाबला तर काही होत नाही, चेंडू जागचा हलत नाही. या झाल्या शेवटच्या महिन्यातल्या सरावाच्या कळा. मग फुग्याच्या वरच्या टोकाला बोटांनी दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. हळूहळू फुग्याची मान आखूड होते, पातळ होते, मग तोंड उघडायला लागतं आणि शेवटी चेंडू बाहेर येतो. गर्भपिशवीचं तोंड आधी पातळ होतं आणि मग उघडतं, त्याला वेळ लागतो, आणि पहिल्या बऱ्याच कळांमध्ये डोळ्यांना काहीच प्रगती दिसत नाही, हे सगळं शब्द न वापरता समजतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं आहे की पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा सुरुवातीचाच काळ समजावा, आणि तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही एवढ्याच कारणावरून घाई करू नये. त्या फुग्यानंतर हे वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा खोलीतल्या प्रत्येकीला ते आपोआप पटलं.

बर्फाचा प्रयोग तिसऱ्या रविवारचा. हातात बर्फाचा खडा धरून एक मिनिट बसायचं, कारण एक कळ साधारण तेवढाच वेळ टिकते. पहिल्यांदा नुसतं बसायचं, घड्याळाकडे बघत. दुसऱ्यांदा खांदे सैल सोडून, श्वास लांब बाहेर सोडत, तोंडाने हलका ‘ओ’ असा आवाज काढत. तिसऱ्यांदा सोबतिणीने पाठीवर हात ठेवून. बर्फ तोच, थंडपणा तोच. माझ्या लेकीने पहिल्यांदा मिनिट पुरं व्हायच्या आत खडा टाकून दिला आणि तिसऱ्यांदा मिनिट संपल्याचं तिला सांगावं लागलं. यामागचा विचार जुना आहे. ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीड यांनी १९३० च्या दशकात भीती, ताण आणि वेदना ही साखळी मांडली: भीती वाटली की शरीर आवळतं, आवळलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती वाढते. फ्रान्सचे डॉक्टर फर्नांद लामाझ १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन तिथली तयारीची पद्धत पाहून आले आणि श्वासाचा सराव पॅरिसमध्ये रुजवला. मॅडमनी त्याला शरीरशास्त्राची जोड दिली. भीतीत ॲड्रिनलिन हे संप्रेरक वाढतं, आणि कळा चालवणाऱ्या ऑक्सिटोसिनला ते आडवं येतं. म्हणून अंधूक उजेड, ओळखीचा आवाज, कमी प्रश्न, कमी माणसं यांची गरज असते.

इथे मला माझं बाळंतपण सांगणं भाग आहे. १९९४ साल. प्रसूतिकक्षात माझ्या आईला येऊ दिलं नाही, ती रात्रभर जिन्यात बसून होती. आत मी एकटी, सपाट टेबलावर उताणी, वर ट्यूबलाइट. कुशीवर वळू दिलं नाही. ओरडले तर ‘तेव्हा बरं वाटत होतं ना’ असं ऐकावं लागलं. ज्या बायका हे वाचत आहेत त्यांच्यातल्या अनेकींनी हेच वाक्य ऐकलेलं असेल. माझं नॉर्मलच झालं, बाळ सुखरूप, सगळ्यांनी पेढे वाटले. पण मी दुसऱ्या मुलाचा विचार कायमचा सोडला तो त्या रात्रीमुळे, आणि हे मी घरात कधी सांगितलं नाही. लेकीने हा वर्ग लावायचं ठरवलं तेव्हा, ‘नॉर्मल झालं म्हणजे चांगलं झालं’ हे समीकरण खरं नाही, एवढं मला पुरतं ठाऊक होतं. मॅडमनी तेच वेगळ्या शब्दांत मांडलं. बाईच्या मनावर जो ओरखडा राहतो तो बहुतेक वेळा प्रसूती कुठल्या मार्गाने झाली यावर ठरत नाही. तिच्याशी कसं वागलं गेलं आणि तिला किती विचारलं गेलं यावर तो जास्त ठरतो.

सोबतीची ताकद किती असते त्यावर जगभर अभ्यास झाले आहेत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५,००० हून जास्त बायका होत्या. कळांच्या सगळ्या काळात कुणीतरी सतत सोबत असलं तर नॉर्मल प्रसूतीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा आखूड होतो आणि प्रसूतीबद्दल मनात कडवट भावना राहण्याचं प्रमाण घटतं. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत सोबतिणीला परवानगी दिली. चौथा रविवार पूर्ण आम्हा सोबतिणींचा होता. कमरेवर माकडहाडाच्या वरच्या बाजूला तळहाताने दाब कसा द्यायचा, दर दीड-दोन तासांनी तिला लघवीला कसं न्यायचं, पाण्याचा घोट न विचारता ओठांशी कसा धरायचा, नातेवाइकांचे फोन बाहेर कसे थोपवायचे. ‘किती दुखतंय?’ हा प्रश्न विचारायचा नाही. कळ चालू असताना काहीच विचारायचं नाही.

याच रविवारी प्रत्येक जोडीने एक शब्द ठरवला. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पिशवीचं तोंड शेवटचे काही सेंटिमीटर उघडत असताना बहुतेक बायका ‘बास, मला नाही जमत, सिझर करा’ असं म्हणतात. तो त्या टप्प्याचाच भाग असतो आणि बहुधा प्रसूती जवळ आल्याची खूण. पण कधीकधी बाईला खरंच पुरे झालेलं असतं, तिचा निर्णय बदललेला असतो, आणि तो ऐकून घ्यायचा हक्क तिला आहे. सोबतिणीने ओळखायचं कसं? म्हणून आधीच एक शब्द ठरवायचा, जो कळांच्या भरात सहज तोंडातून निघणार नाही. ती नुसतं ‘बास’ म्हणाली तर धीर द्यायचा, जागा बदलायची, दाब वाढवायचा, आणि तपासणीला डॉक्टरांना बोलवायचं. तो शब्द उच्चारला तर तिची आधीची सगळी इच्छा बाजूला ठेवायची आणि एक वाक्यही न समजावता तिच्या बाजूने डॉक्टरांशी बोलायचं. लेकीने ‘पन्हाळा’ निवडला. तिच्या लहानपणी आम्ही दर पावसाळ्यात तिथे जायचो.

वेळ आली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सुरुवातीच्या कळा तिने घरीच काढल्या, वरणभात जेवली, गरम पाण्याने आंघोळ केली, व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर बसून डुलत राहिली. पाच-पाच मिनिटांनी कळा यायला लागल्यावर आम्ही निघालो. रुग्णालयाने मला आत येऊ दिलं आणि दिवे मंद ठेवायची विनंतीही मानली. पहाटे कधीतरी ती भिंतीला दोन्ही हात टेकून उभी होती, मी मागून कमरेवर दाब देत होते, आणि ती म्हणाली, “आई, बास. आता सिझर करायला सांग.” माझं काळीज हललं. माझ्या हातात तो शब्द नसता तर मी धावत गेले असते, किंवा उलट, तिला गप्प बसवलं असतं, आणि दोन्ही वेळा मी माझ्या भीतीने वागले असते. मी कळ ओसरू दिली आणि विचारलं, “पन्हाळा?” तिने मान हलवली. नाही. पुन्हा पुढची कळ आली आणि आम्ही दोघींनी ती काढली. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा आठ सेंटिमीटर झालं होतं. सूर्य वर यायच्या आत नात झाली. तिला लगेच लेकीच्या छातीवर ठेवलं, नाळेतली धडधड थांबल्यावरच नाळ कापली. दोन टाके पडले. नंतर मी लेकीला विचारलं, मी ‘पन्हाळा?’ म्हणाले तेव्हा तुझ्या मनात काय आलं? ती म्हणाली, “मला वाटलं, अजून माझ्या हातात आहे.”

पाचवा रविवार सिझरचा. तो टाळून चालणार नाही असं मॅडम पहिल्याच दिवशी बजावतात आणि तरी दोन जोड्या आल्या नाहीत, अपशकुन नको म्हणून. खोलीत कोण कोण असतं, मणक्यातल्या इंजेक्शननंतर काय जाणवतं आणि काय नाही, बाई पूर्ण जागी असते, पडद्यापलीकडून बाळ दाखवायला सांगता येतं, छातीवर ठेवायला सांगता येतं, तासाभरात पाजायला घेता येतं. ‘मला हजर असायचंय’ असं लिहिणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं, कारण पहिल्या वेळी यातलं काहीही मागता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या प्रसूतीनंतर वर्गातर्फे एक भेट असते, तिची वेगळी फी नाही. आमच्या तुकडीतल्या एकीचं बाळाचे ठोके उतरल्यामुळे सिझर झालं होतं. तिने निर्णयाचा प्रत्येक टप्पा आम्हाला घडाघडा सांगितला, आणि सांगताना ती शांत होती. आणखी एकीचंही सिझर झालं होतं, ती मात्र अजून दुःखी होती आणि तिचं दुःख मॅडमनी ‘बाळ तर सुखरूप आहे ना’ म्हणून झटकलं नाही. भेट संपल्यावर त्या तिच्यापाशी बराच वेळ बसल्या.

आता न पटलेल्या गोष्टी.

सहाव्या रविवारी बाहेरच्या एक पाहुण्या वक्त्या गर्भसंस्कारांवर बोलल्या. गरोदर बाईने चांगलं ऐकावं, प्रसन्न राहावं, इथपर्यंत कुणाचाच विरोध नाही. पण अमुक मंत्र ऐकला तर मूल हुशार निपजतं, आणि नॉर्मल प्रसूतीने झालेलं मूल जास्त तेजस्वी असतं, असं त्या ठासून सांगत होत्या. विज्ञान शिकवलेली बाई म्हणून मी तिथेच हात वर केला आणि पुरावा विचारला. उत्तर मिळालं नाही. पाच रविवार ज्या अपराधी भावनेतून मुलींना बाहेर काढलं, ती या एका वाक्याने परत आत घातली. सिझर झालेल्या आईने हे ऐकून काय समजायचं? मॅडमना मी हे सांगितलं आहे, त्यांनी ऐकून घेतलं. तो भाग पुढच्या तुकडीत ठेवू नये.

एपिड्युरलला, म्हणजे कळांची वेदना कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनला, जेमतेम दहा मिनिटं दिली. बऱ्याच मुली ते घेतात, आणि ते घेतल्याने सिझर होण्याची शक्यता वाढत नाही असं अभ्यास सांगतात. वेदना कमी करून घेणारी बाई हरलेली नसते हे मॅडमनी सांगितलं, पण घाईत. ज्या वर्गाचा पायाच ‘तुला विचारलं जावं’ हा आहे, तिथे या विषयाला अर्धा रविवार तरी हवा.

पडद्यावर दाखवलेले मजकूर सगळे इंग्रजीत. मॅडम मराठीत सुरेख समजावतात, पण शिरूर आणि बारामतीकडून आलेल्या दोन मुली त्या पडद्यासमोर गप्प बसायच्या आणि फुगा हातात आला की प्रश्न विचारायच्या. चित्रफितीही परदेशी, पाण्याच्या टबात प्रसूती होणाऱ्या. इथल्या किती रुग्णालयांत तो टब आहे? वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, आठव्या-नवव्या महिन्यातल्या मुलींसाठी हे गैरसोयीचं आहे.

‘पूर्वीच्या बायका घरीच बाळंत व्हायच्या, काही नाही व्हायचं’ असं एका जावयांनी म्हटलं तेव्हा मॅडम काही बोलायच्या आत मी उठून बोलले, ते इथेही लिहिते. माझी सख्खी मावशी घरी बाळंतपणात गेली. वार अडकली, रक्त थांबलं नाही, बैलगाडीतून तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सुईण हाताची चांगली होती, तिला दोष नाही. २०१८-२० च्या नोंदीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचं प्रमाण ३३ वर आलं होतं आणि देशात ९७ वर, ते रुग्णालयांमुळे, रक्तपेढ्यांमुळे, गरज पडली तर होणाऱ्या सिझरमुळेही. आपल्याला हवं आहे ते रुग्णालयात राहूनच हवं आहे: तिथला धीर, तिथला संयम, तिथली सोबत. या वर्गाने कुणाला घरी प्रसूती करा असं सुचवलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ६,५०० रुपये आणि सहा मोकळे रविवार कुणाकडे असतात? प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायका तपासणीसाठी तास न् तास रांगेत बसतात. तो वेळ तिथे रिकामाच असतो. फुगा, चेंडू आणि बर्फाचा खडा, खर्च पन्नास रुपयांच्या आत. मी मॅडमकडून मराठीतली टिपणं मागून घेतली आहेत, त्यांनी आनंदाने दिली, आणि आमच्या गावातल्या आशाताईंशी मी बोलले आहे. दोन ९ तारखा झाल्या, आम्ही व्हरांड्यात फुगा दाखवतो. ‘का?’ हा प्रश्न तिथे कागदावर लिहून घेता येत नाही, तेव्हा एकेकीशी बाजूला बसून बोलतो.

वर्ग लावणार असाल तर सातव्या महिन्यात सुरू करा, म्हणजे डॉक्टरांशी बोलायला आणि गरज पडली तर डॉक्टर बदलायला वेळ राहतो. प्रसूतिकक्षात जे माणूस येणार आहे त्यालाच सहाही रविवार न्या, आलटून पालटून नको. नाव नोंदवण्याआधी तुमच्या रुग्णालयात सोबतिणीला प्रवेश आहे का ते विचारून ठेवा, नसेल तर चौथा रविवार वाया जाईल. जिना चढणं जमत नसेल तर मॅडमना आधी फोन करा, आमच्या तुकडीतल्या एकीसाठी त्यांनी दोन रविवार तळमजल्यावरच्या खोलीत वर्ग घेतला होता. पाचवा रविवार चुकवू नका. सहावा चुकवला तरी चालेल.